मन्स्टरसारखा संघ हवा असेल, तर आधी पकड सोडायला शिकवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर आयर्लंडच्या मन्स्टर या व्यावसायिक रग्बी संघावर लेख आला. सोलापुरात रग्बीवर अर्धं पान छापून येणं हीच अपूर्वाई, त्यामुळे आधी आभार. पण त्यात दोन-तीन गोष्टी चुकल्या आहेत. शिवाय ‘चार उद्योजक पुढे आले, तर असा संघ दोन वर्षांत सोलापुरातही उभा राहील’ हे शेवटचं वाक्य म्हणजे काठी उलट्या टोकाने धरणं झालं. शहरातल्या मुलामुलींना हा खेळ शिकवणारे आणि सामन्यात शिट्टी घेऊन उभे राहणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापायचंच झालं तर इतिहास कापा, टॅकलचा, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्याचा, भाग ठेवा.

३१ ऑक्टोबर १९७८ रोजी लिमरिकच्या थॉमंड पार्कवर मन्स्टरने न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’ना १२-० असं हरवलं, हे लेखात बरोबर आहे. पण ‘दोन ट्रायच्या जोरावर’ हे चूक. ट्राय म्हणजे समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. आज ट्रायला ५ गुण मिळतात, ते १९९२पासून. त्या काळी ४ मिळायचे. त्या दिवशी ट्राय एकच झाला, क्रिस्टी कँटिलनचा. त्याचे ४, त्यावरच्या रूपांतराचे (ट्रायनंतर मिळणाऱ्या गोलकिकचे) २ आणि टोनी वॉर्डच्या दोन ड्रॉप गोलांचे (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेल्या गोलांचे) प्रत्येकी ३, असे मिळून १२. त्या दौऱ्यात न्यूझीलंड १८ सामने खेळलं आणि हरलं ते फक्त हा एक. आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाला न्यूझीलंडवर पहिला विजय मिळायला २०१६ साल उजाडलं, तोही शिकागोत. प्रशिक्षक टॉम किअर्नन यांचा तो मन्स्टर संघ नोकऱ्या-धंदे सांभाळून खेळणाऱ्यांचा होता, आणि जाणकार आजही त्या सामन्याची आठवण काढतात ती ट्रायसाठी कमी आणि सीमस डेनिसनच्या टॅकलसाठी जास्त. फारसा आडदांड नसलेल्या या खेळाडूने सुरुवातीलाच स्टू विल्सनला असा काही आडवा केला की पुढचा सगळा सामना त्याच सुरात गेला.

दुसरी चूक मोठी आहे. मन्स्टरला ‘मालक’ नाही. आपल्याकडच्या लीगसारखा लिलाव नाही, फ्रँचायझीही नाही. आयर्लंडमध्ये लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट असे चार जुने प्रांत. आज त्यांना स्वतःचं सरकार नाही. आपण विदर्भ, मराठवाडा म्हणतो तसे ते भूगोलात आणि माणसांच्या मनात आहेत. मन्स्टरमध्ये कॉर्क, केरी, लिमरिक, क्लेअर, टिपररी आणि वॉटरफर्ड या सहा काउंटी येतात. अल्स्टरच्या नऊपैकी सहा काउंटी तर ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये आहेत, तरी संघ एकच आणि राष्ट्रीय संघही साऱ्या बेटाचा मिळून एकच. आपल्याला ओळखीची उपमा द्यायची तर रणजी करंडकाची द्यावी: तिथे मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन संघ एका राज्यातून उतरतात, आणि सोलापूरचा मुलगा महाराष्ट्राकडून खेळतो. प्रांताचा संघ हा आयरिश रग्बी संघटनेचाच भाग असतो. राष्ट्रीय संघाच्या गाभ्यातल्या थोड्या खेळाडूंशी संघटना थेट करार करते, बाकीचे प्रांताच्या करारावर असतात. राष्ट्रीय खेळाडूने प्रांतासाठी मोसमात किती खेळायचं यावर संघटनेचा लगाम असतो. मालकाच्या हट्टापायी दुखऱ्या गुडघ्याने कुणाला उतरवता येत नाही.

लीगच्या गुणतक्त्याचाही लेखात घोळ झाला आहे. मन्स्टर ज्या लीगमध्ये खेळतं त्या युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमध्ये १६ संघ आहेत: आयर्लंडचे ४, वेल्सचे ४, दक्षिण आफ्रिकेचे ४, स्कॉटलंडचे २ आणि इटलीचे २. विजयाला ४ गुण, बरोबरीला २. चार किंवा जास्त ट्राय केले की एक जादा गुण, आणि ७ किंवा कमी गुणांच्या फरकाने हरलं तरी एक. म्हणून पाच गुणांनी मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटाला सोपी पेनल्टी (फाउलबद्दल मिळणारी ३ गुणांची गोलकिक) सोडून ट्रायच्या मागे लागला, तर ते वेड नसतं. हरला तरी एक गुण पदरात असतो. १८ फेऱ्यांनंतर पहिले ८ बाद फेरीत जातात. २०२३च्या मे महिन्यात मन्स्टरने केप टाउनला जाऊन स्टॉर्मर्सना १९-१४ हरवून हे विजेतेपद घेतलं. त्याआधी युरोपचा करंडक दोनदा, २००६ आणि २००८ साली.

आता मुद्द्याचं. आयरिश रग्बी संघटनेची मन्स्टर शाखा स्थापन झाली १८७९ साली आणि रग्बीत पैसे घेऊन खेळायला अधिकृत परवानगी मिळाली १९९५च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे शंभरावर वर्षं प्रांताचा संघ हा फक्त निवडक सामन्यांपुरता एकत्र येणारा संघ होता. एरवी सगळे आपापल्या क्लबात: शॅनन, गॅरिओवेन, यंग मन्स्टर, कॉर्क कॉन्स्टिट्यूशन. यातल्या गॅरिओवेनच्या नावाने तर उंच मारून खाली धाव घ्यायच्या किकला जगभर ‘गॅरिओवेन’ म्हणतात. खाली शाळा, मन्स्टरची शालेय करंडक स्पर्धा १९०९पासून चालू आहे. डब्लिनकडे हा खेळ बराचसा मोठ्या फीच्या शाळांचा, पण लिमरिकमध्ये गोदीतले हमाल, दुकानदार आणि डॉक्टर एकाच स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांच्या गुंफलेल्या रेटारेटीत, खांद्याला खांदा लावत. गिरण्यांच्या भोंग्यावर वाढलेल्या आपल्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको. व्यावसायिकपणा आला तेव्हा या ढिगाच्या वर फक्त कळस चढवायचा होता. आजही शाळा-क्लबातून हेरलेला मुलगा साधारण तीन वर्षं प्रांताच्या अकादमीत काढतो, मग त्यातल्या थोड्यांनाच मोठा करार मिळतो. उद्योजकांनी कळस विकत घेतला तरी तो ठेवायचा कशावर?

आणि व्यावसायिक संघाकडून उचलायचंच असेल, तर जर्सी आणि संगीत सोडून एक आकडा उचला: १५ मिनिटं. रग्बीच्या जागतिक संघटनेने खेळाडूंच्या संघटनेबरोबर २०२१ साली व्यावसायिक संघांसाठी जे मार्गदर्शन काढलं, त्यात पूर्ण ताकदीच्या धडकेचा सराव आठवड्याला जास्तीत जास्त १५ मिनिटं, तोही फार तर दोन दिवसांत वाटून. नियंत्रित धडकेचा ४० मिनिटं, स्क्रम आणि लाइनआउट (बाजूच्या रेषेवरून आत फेकलेल्या चेंडूसाठी लागणाऱ्या दोन रांगा) यांचा जोर लावून सराव ३० मिनिटं. सोमवारी आणि शुक्रवारी पूर्ण धडक नाहीच. पोटापाण्यासाठी खेळणारे, डॉक्टर-फिजिओ दिमतीला असलेले गडी आठवड्याला पाव तास धडकतात. आपल्याकडे मात्र मोबाइलवर चार व्हिडिओ बघून चौदा वर्षांची पोरं संध्याकाळी दीड-दोन तास एकमेकांवर आदळतात आणि बाजूला उभे असलेले मोठे टाळ्या वाजवतात. सोलापुरात रग्बीचं नुकसान होईल तर ते यातूनच.

सोलापूरची मुलं या खेळाला कोरी येत नाहीत, हा आपला फायदाही आहे आणि तोटाही. कबड्डीचा मुलगा येतो, तालमीतला येतो, खो-खोचा येतो. खो-खोवाल्यांची काळजी नसते. खांबाजवळून वळताना शरीर झोकायची आणि समोरच्याला हुलकावणी द्यायची सवय असल्याने ती थेट विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या जागेवर, लावता येतात, मुली तर विशेष. कबड्डी आणि कुस्तीच्या सवयी मात्र एकेक करून सोडवाव्या लागतात.

सगळ्यात चिवट सवय पकडीची. कबड्डीत पंचाची शिट्टी होईपर्यंत पकड सुटली की गुण गेला. रग्बीत नेमकं उलटं: पाडलेल्या माणसाला लगेच सोडलं नाही, तर पेनल्टी. ज्याला पाडलं त्यानेही चेंडू लगेच सोडायचा, मागे द्यायचा किंवा जमिनीवर ठेवायचा. टॅकल करणाऱ्याने सोडायचं, बाजूला व्हायचं, दोन्ही पायांवर उभं राहायचं आणि मगच चेंडूला हात घालायचा. कबड्डीतला चांगला कोपरारक्षक पहिले दोन महिने प्रत्येक सामन्यात अशा पाच-सहा पेनल्ट्या देतो आणि ‘मी तर धरलं होतं की सर’ म्हणून आपल्याकडेच बघतो. उपाय साधा आहे. सरावात माणूस खाली आला की टॅकल करणाऱ्याने डोक्यावर एक टाळी वाजवायची. टाळी ऐकू आली नाही तर टॅकल मोजायचा नाही. टाळीसाठी हात सुटावेच लागतात. दोन-तीन आठवड्यांत सवय मोडते, मग टाळी बंद करून नुसते तळवे पंचाला दिसतील असे उघडायला लावायचे.

दुसरी सवय डोक्याची. एकेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडताना, पैलवानाचं डोकं समोरच्याच्या पोटाशी, आतल्या अंगाला राहतं. कुस्तीत ते बरोबर, कारण समोरचा जवळजवळ उभा असतो. रग्बीत समोरचा पूर्ण वेगात पळत असतो. त्याच्या पुढ्यात डोकं गेलं की त्याचा गुडघा नाहीतर कुल्ल्याचं हाड थेट कानशिलावर बसतं. रग्बीत डोकं मागच्या अंगाला ठेवायचं, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला. क्रम असा शिकवावा: शेवटची तीन-चार पावलं आखूड टाका, वेग मोडा पण थांबू नका. त्याच्या अगदी समोर उभं न राहता अर्धा माणूस आतल्या बाजूला रहा, म्हणजे त्याला पळायला एकच दिशा उरते. ज्या खांद्याने धडक द्यायची त्याच बाजूचा पाय पुढे, त्याच्या पावलापासून हातभर अंतरावर. नजर त्याच्या चड्डीच्या नाडीवर, हनुवटी छातीपासून सुटलेली, पाठ सपाट. खांदा मांडीच्या वरच्या भागावर लागला की दोन्ही हात गुंडाळून घट्ट ओढा आणि पाय चालू ठेवा. नवख्याचा टॅकल फसतो तो बहुधा पाय लांब राहिल्याने. मग खांदा पोचत नाही, नुसते हात पुढे जातात आणि बोटं मुरगळतात किंवा खांद्याचा सांधा ओढला जातो. दुसरं कारण डोळे मिटणं. डोळे मिटले की मान खाली जाते, आणि मान खाली गेली की धडक टाळूवर येते.

हे उभ्याने सुरू करू नये. पहिला आठवडा दोघंही गुडघ्यांवर. मग टॅकल करणारा एका गुडघ्यावर आणि समोरचा चालत. मग दोघं चालत, मग हळू पळत. पूर्ण वेग दीड-दोन महिन्यांनी. एका सत्रात प्रत्येक खांद्याने दहा, बस. डावा खांदा मुद्दाम मोजून घ्यावा, कारण सोडून दिलं तर सगळी पोरं उजव्यानेच करतात आणि सामन्यात डाव्या बाजूने येणाऱ्यासमोर डोकं बरोबर चुकीच्या जागी नेतात. व्यावसायिक खेळात टॅकल खांद्याच्या रेषेखाली चालतो. पण २०२३पासून अनेक देशांनी हौशी खेळात ही रेषा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत, काहींनी कमरेपर्यंत उतरवली. सोलापुरात शिकवताना कमरेचीच सवय लावावी.

कबड्डीचा ‘डॅश’, म्हणजे हात न गुंडाळता खांदा मारणं, इथे फाउल आहे. साखळी करून दोघांनी एकाच उंचीवर जाणं नियमाने बंद नाही, पण त्यात दोन टॅकल करणाऱ्यांचीच डोकी एकमेकांवर आपटतात. दोघं असतील तर एकाने मांडीवर जायचं, दुसऱ्याने चेंडूवर, आणि कोण कुठे हे आधी ओरडून सांगायचं. चढाईत श्वास रोखून खेळायची सवय असलेली मुलं मैदानात मुकी असतात, त्यांना बोलतं करायला टॅकल शिकवण्याइतकाच वेळ जातो. तालमीतल्याला आणखी एक बजावावं लागतं: माणूस उचलला तर तो खाली सुखरूप आणायची जबाबदारी आपली. उचलून डोक्यावर किंवा मानेवर टाकलं, की लाल कार्ड.

पडायला शिकवायची उत्तम जागा मात्र आपल्याकडे आयतीच आहे आणि ती परदेशी संघांकडे नाही. तालमीचा हौदा. ताक-तेल-हळद मुरलेली, खणून भुसभुशीत केलेली लाल माती पहिल्या महिनाभराच्या टॅकलला कुठल्याही गादीपेक्षा चांगली. वस्तादांची परवानगी घ्यावी, बूट बाहेर काढावेत, आणि चांगला चेंडू हौद्यात नेऊ नये. मातीतलं तेल लागलं की त्याच्या वरचे खवले बुळबुळीत होतात आणि धुतल्यावरही पकड पूर्ण परत येत नाही. एखादा जुना, झिजलेला चेंडू त्यासाठीच ठेवावा.

स्क्रमबद्दल थोडक्यात, पण ठामपणे: पहिल्या वर्षी जोर लावायचा स्क्रम घेऊच नये. नियमातच सोय आहे. पुढल्या फळीचे प्रशिक्षित खेळाडू नसतील तर स्क्रम बिनजोराचा होतो, चेंडू ज्याचा त्याला मिळतो. व्यावसायिक संघाच्या २३ जणांत पुढल्या फळीचे पूर्ण दोन संच, म्हणजे सहा जण, का ठेवावे लागतात याचा विचार केला की या जागेचा धोका कळतो. शिकवायचं ते एकास एक, मग तीनास तीन, मग पाच, मग आठ. खांदे कुल्ल्यांच्या खाली कधीच जाऊ द्यायचे नाहीत, पावलं खांद्याइतकी फाकलेली, नजर वर. ‘क्राउच, बाइंड, सेट’ या तीन हाकांमध्ये घाई नाही. डाव्या बाजूच्या प्रॉपने (पुढल्या फळीतल्या कडेच्या खेळाडूने) डावा हात समोरच्याच्या उजव्या हाताच्या आतून घालून पाठीवरची किंवा बगलेखालची जर्सी धरायची. बाही धरली की कोपर खाली येतं, कोपरामागे खांदा येतो आणि अख्खा स्क्रम कोसळतो. तालमीतली मुलं इथे सवयीने समोरच्याची मान दाबतात, त्यांना पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगावं. १९ वर्षांखालील सामन्यात स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही, हे खुद्द काही पंचांनाही माहीत नसतं. आणि स्क्रममुळे कानाला जे होतं ते कुस्तीगीरांच्या कानाला होतं तेच. त्यासाठी मऊ टोपी चालते, पण ती कान आणि खरचटणं वाचवते, मेंदूचा हादरा वाचवत नाही. टोपी घातली म्हणून मुलगा डोकं जास्त खुपसू लागला, तर टोपी काढून ठेवावी.

टॅकलची बॅग विकत आणायची गरज नाही. आपल्या यंत्रमागांतून निघणारं टाकाऊ सूत आणि चिंध्या पोत्याने मिळतात. साधारण साडेचार फूट उंच आणि दीड फूट व्यासाची, जाड रेक्झिनची पिशवी टेलरकडून दुहेरी शिवणीने करून घ्यावी. आत जुन्या सोलापुरी चादरीचं अस्तर लावावं, ते रेक्झिन फाटलं तरी पोट धरून ठेवतं. वजन मोठ्यांसाठी २५ ते ३० किलो, लहानांसाठी त्याच्या निम्मं. भरताना दर वीतभर थर पायाने दाबून घ्यायचा. नाहीतर महिन्याभरात सगळं सूत तळाशी बसतं, वरचा भाग पोकळ होतो, आणि मुलगा कमरेच्या उंचीवर खांदा लावतो तेव्हा तो आत घुसून मान वाकते. बॅग उभी राहावी म्हणून तळाशी वाळू भरतात, ती भरू नये. घसरून खाली गेलेल्याच्या खांद्याला ती दगडासारखी लागते. उभी धरायला मागे एक जण असावा, त्याने खांदा टेकवून धरायचं, समोर तोंड काढून बघायचं नाही. पावसात भिजली तर सूत कुजतं आणि वजन वाढतं, म्हणून तोंडाला चेन नको, दोरी हवी, म्हणजे उन्हात उपसून वाळवता येतं.

चेंडूची हवाही पहा. नियमाप्रमाणे दाब ९.५ ते १० पीएसआय. फुटबॉलच्या अंदाजाने सायकलच्या दुकानात भरून आणला की तो दगड होतो, हातात बसत नाही आणि बोटं दुखतात. पहाटे भरलेला चेंडू आपल्या उन्हात दुपारपर्यंत आणखी फुगतो. १४ वर्षांपर्यंत चार नंबरचा, पुढे पाच नंबरचा.

मैदान हा आपल्याकडचा खरा अडथळा. नियमाप्रमाणे दोन गोलरेषांमधलं अंतर ९४ ते १०० मीटर, रुंदी ६८ ते ७०, आणि प्रत्येक गोलरेषेमागे ट्रायसाठी किमान ६ मीटर. म्हणजे कमीत कमी १०६ बाय ६८, शिवाय कडेने मोकळी जागा. १०५ बाय ६८चं फुटबॉल मैदान एक मीटरने कमी पडतं! गोलचे खांब ५.६ मीटर अंतरावर, आडवा दांडा ३ मीटर उंचीवर, आणि खांबांना माणसाच्या उंचीपर्यंत गादी बांधलेली हवीच. मधोमध क्रिकेटची टणक खेळपट्टी असलेल्या मैदानावर टॅकलचा रग्बी खेळवू नये, वर चटई टाकली तरी. तिथे स्पर्शाचा प्रकार, म्हणजे न पाडता नुसता हात लावून अडवायचा रग्बी, खेळावा किंवा अर्ध्या मैदानावर सराव घ्यावा.

त्यात आपली काळी माती. पावसात ती बुटाच्या खिळ्यांना किलो-किलोने चिकटते, उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल अशा भेगा पडतात. जोराच्या पावसानंतर दोन दिवस मैदान सोडावं. कोरड्या दिवसांत सरावाआधी साधा स्क्रू ड्रायव्हर पाच-सहा ठिकाणी हाताने दाबून पाहावा. दोन बोटंही आत जात नसेल, तर त्या दिवशी कुणी कुणाला पाडणार नाही. भेगांत मुरूम भरू नये, त्याचे खडे गुडघे सोलतात. चाळलेली माती भरून पाणी मारावं. पाण्याचा हिशोबही सरळ आहे: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. १२० बाय ७० मीटरच्या मैदानावर पाच मिलिमीटर पाणी म्हणजे ४२ हजार लिटर, दहा हजारांचे चार टँकर आणि वर थोडं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हे मागणं शोभत नाही. ५० बाय ३५ मीटरचा एकच तुकडा जपला तर एका टँकरच्या आत भागतं आणि वीस-बावीस मुलांचा सराव त्यावर आरामात होतो. मोसम जुलै ते डिसेंबर ठेवावा. आपला खरा पाऊस सप्टेंबरात पडतो आणि त्यानंतर माती सर्वांत चांगली असते. मार्चनंतर धडक बंद, फक्त सकाळी सहा ते साडेसात पासिंग आणि किकिंग.

शेवटचा विषय डोक्याच्या दुखापतीचा. टीव्हीवर मन्स्टरचा खेळाडू डोक्याला लागून बाहेर जातो आणि १२ मिनिटांनी परत येतो, हे पाहून आपल्याकडेही ‘बारा मिनिटं बसव, मग बघू’ सुरू झालं आहे. हे साफ चूक. ती १२ मिनिटांची तपासणी व्यावसायिक खेळापुरती आहे: तिथे प्रशिक्षित डॉक्टर असतो, त्या खेळाडूच्या मोसमाआधीच्या चाचण्यांची नोंद असते, घटनेचं चित्रण पुन्हा पाहता येतं. आणि उघड लक्षणं दिसली तर तिथेही परत येता येत नाही. आपल्याकडे नियम एकच: शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत नाही. बेशुद्ध पडलाच पाहिजे असं नाही. गोंधळलेला चेहरा, तोल जाणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, प्रकाश सहन न होणं एवढं पुरे. आयर्लंडच्या हौशी खेळात मोठ्यांना किमान २१ आणि तरुण मुलांना २३ दिवस सामन्यापासून दूर ठेवतात. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, हलकं पळणं, विनाधडक सराव, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच धडक. कुठल्याही पायरीवर डोकं दुखू लागलं तर एक पायरी मागे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झापड, हातापायात मुंग्या किंवा मान दुखणं असेल तर थेट रुग्णालय. मान दुखत असेल तर हलवू नका, रुग्णवाहिकेची वाट पाहा. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची आपली पद्धत इथे जन्माचं अपंगत्व देऊ शकते.

कुणा उद्योजकाला खरंच पैसे घालायचे असतील तर वीस-बावीस मुलांच्या एका गटाला लागतं ते एवढं: आठ चेंडू, चार बॅगा, प्रत्येकाला दातांचं कवच, मोसमभर पाण्याची सोय, सामन्याच्या दिवशी एक डॉक्टर आणि दोन पंचांचं शिक्षण. असे सहा-आठ गट शाळांतून आणि तालमींतून चार-पाच वर्षं टिकले, एकमेकांशी दर आठवड्याला खेळले, तर जिल्ह्याचा निवडक संघ आपोआप निघेल. पगार त्यानंतर.

जाता जाता, लेखासोबत छापलेलं छायाचित्र मन्स्टरचं नाही, रग्बीचंही नाही. त्यातल्या खेळाडूंच्या डोक्यावर जाळीची हेल्मेट आहेत. तो अमेरिकन फुटबॉल आहे. पुढच्या वेळी कृपया तपासून घ्यावं, कारण तो फोटो बघून दोन पालकांनी आम्हाला हेल्मेट कुठे मिळतं असं विचारलं.

कळावे,
आपले,
रग्बीचे काही प्रशिक्षक व पंच, सोलापूर